अनुदान, गुण आणि गाव : विद्यापीठ व समाज यांच्या सहकार्याविषयी

साखरखेर्डा हे बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा तालुक्याचे गाव. इतिहासाच्या अभ्यासकांस ते १७२४ च्या लढाईमुळे ठाऊक असते. निजाम-उल-मुल्काने येथे मुबारिझखानाचा पराभव केला आणि दख्खनमधील आपली सत्ता व्यवहारतः स्वतंत्र करून घेतली. विजयाची खूण म्हणून त्याने गावास फत्तेखेर्डा असे नाव दिले. परंतु लोकांच्या तोंडी जुनेच नाव राहिले. भाविकांस हे गाव पलसिद्धाच्या मठामुळे आणि प्रल्हाद महाराजांच्या स्थानामुळे परिचित आहे. प्रस्तुत विवेचनात मात्र त्याचा उल्लेख निराळ्या कारणासाठी करावयाचा आहे. विद्यापीठाने समाजाशी सहकार्य करावे असे शासन म्हणते, त्यासाठी प्रोत्साहने देते व दंडही ठरविते. तेव्हा त्या समाजाच्या बाजूने पाहिले असता काय दिसते, हे तपासण्यास असे एखादे गाव उपयोगी पडते.

गावात विद्यापीठ नाही, पण विद्यापीठांची अधिकारक्षेत्रे त्यावरून जातात. बुलढाणा जिल्हा संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या पाच जिल्ह्यांपैकी एक आहे. हे विद्यापीठ १ मे १९८३ रोजी स्थापन झाले. तत्पूर्वी हा प्रदेश नागपूर विद्यापीठाकडे होता. शेतीच्या शिक्षणासाठी व संशोधनासाठी जिल्हा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे येतो. सिंदखेड राजा तालुक्याची सीमा ओलांडली की जालना जिल्हा लागतो, आणि तेथे दोन्ही बाबतींत सत्ता बदलते : एकीकडे छत्रपती संभाजीनगरचे विद्यापीठ, दुसरीकडे परभणीचे कृषी विद्यापीठ. शेतजमीन, पिके, सोयरिकी आणि बोली यांना ही सीमा फारशी ठाऊक नाही. अनुदानाच्या कागदांना ती पक्की ठाऊक आहे.

शासकीय सीमा विद्येची सीमा कशी ठरविते, याचे एक जुने उदाहरण भाषाशास्त्रातच आहे. ग्रियर्सनने चालविलेल्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीविषयीचा सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वऱ्हाडी बोलीची नोंद आहे, कारण वऱ्हाड इंग्रजी अंमलाखाली होते. लगतचा निजामाचा मुलूख मात्र ह्या सर्वेक्षणाच्या कक्षेबाहेर राहिला. सर्वेक्षणाची रीतही लक्षात घेण्यासारखी होती. सामग्री मुख्यतः सरकारी यंत्रणेमार्फत जमा होई. बायबलातील उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताचे स्थानिक बोलीत रूपांतर करून पाठवावे, अशी मागणी जिल्ह्यांकडे जाई. हुकुमाने मागितले म्हणून एवढे साहित्य जमले, हे खरे. पण गावकरी शेतात, बाजारात, भांडणात कसे बोलतो याऐवजी त्या दृष्टान्ताचे भाषांतर जमले, हेही तितकेच खरे. मागणाऱ्याने जो साचा पाठविला त्याच आकाराचे उत्तर परत आले. पुढील साऱ्या विवेचनात हा मुद्दा पुन्हा पुन्हा भेटेल.

स्वातंत्र्यानंतर प्रश्नाचे स्वरूप बदलले. सुशिक्षित तरुणाने समाजाची सेवा करावी यावर मतभेद नव्हता. ती त्याच्याकडून सक्तीने घ्यावी की त्याच्या इच्छेवर सोपवावी, याविषयी होता. १९५९ मध्ये चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सेवेविषयी समिती नेमली गेली. तिने माध्यमिक शिक्षण संपविलेल्या विद्यार्थ्यांस नऊ महिने ते एक वर्ष इतकी सेवा अनिवार्य करण्याची शिफारस केली. खर्चाचा आणि अंमलबजावणीचा भार पाहून शासनाने ती स्वीकारली नाही. त्यानंतर ख्वाजा गुलाम सैयदैन यांनी इतर देशांतील योजनांचा अभ्यास केला व सेवा ऐच्छिक असावी असे सुचविले. पुढे १९६२ च्या चीनशी झालेल्या युद्धामुळे छात्रसेना महाविद्यालयांत सक्तीची झाली, पण काही वर्षांतच ती सक्ती उठवावी लागली. ह्या अनुभवानंतर २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. आरंभी ३७ विद्यापीठे व ४०,००० विद्यार्थी तिच्यात होते. योजना ऐच्छिक होती. तथापि जी गोष्ट ऐच्छिक ठेवली तिला कोणी यावे यासाठी काहीतरी द्यावे लागते, आणि तेथून प्रोत्साहनाची कथा सुरू होते.

आज ही प्रोत्साहने तीन थरांवर दिसतात. विद्यार्थ्यास दोन वर्षांत २४० तास काम व सात दिवसांचे विशेष शिबिर यांबद्दल प्रमाणपत्र मिळते, आणि निरनिराळ्या विद्यापीठांच्या नियमांप्रमाणे वाढीव गुणांची सवलतही मिळू शकते. मुंबई विद्यापीठाच्या आजीवन अध्ययन व विस्तार विभागात १२० तासांच्या विस्तारकार्याला १० गुण आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्राने जो आराखडा स्वीकारला, त्यात समाजसहभागाचा प्रकल्प व क्षेत्रीय प्रकल्प यांना श्रेयांक आहेत; म्हणजे जे काम पूर्वी अभ्यासक्रमाबाहेर होते ते आता अभ्यासक्रमात आले आहे. ह्याबरोबर प्रोत्साहनाचा दंडही झाला. श्रेयांक मिळविला नाही तर पदवी अडते. देशमुख समितीची जी शिफारस सहा दशकांपूर्वी महाग म्हणून बाजूला पडली, तिचा एक छोटा अंश अशा रीतीने मागल्या दाराने परत आला असे म्हणावयास हरकत नाही.

अध्यापकाच्या थरावर विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७७ मध्येच विस्तारकार्य हे अध्यापन व संशोधन यांच्या बरोबरीचे तिसरे कर्तव्य मानले होते. पण कर्तव्याला किंमत आली ती २०१० च्या नियमांनी. त्यांत अध्यापकाच्या कामाचे तीन वर्ग पाडून प्रत्येकास गुण ठरविले होते. विस्तारकार्य दुसऱ्या वर्गात, इतर सहशालेय कामांसमवेत बसविलेले होते आणि तेथे वर्षाला किमान १५ गुण आवश्यक होते. संशोधनाचा वर्ग स्वतंत्र होता. परिणाम अपेक्षेप्रमाणेच झाला. विस्तारात किमान मर्यादा गाठली की पुढचा प्रत्येक तास पदोन्नतीच्या दृष्टीने वाया जाई. संशोधनलेखांना तशी मर्यादा नव्हती. २०१८ च्या नियमांनी ही गुणपद्धती बरीच सैल केली, परंतु कामे मोजण्याची सवय तेवढ्याने गेली नाही.

तिसरा थर संस्थेचा. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन परिषदेने, जिला सर्वत्र नॅक म्हणतात, सात निकष ठरविले. संशोधन, नवोपक्रम व विस्तार हा त्यांतला तिसरा. २०१७ च्या सुधारित पद्धतीत विस्ताराखाली जे विचारले जाई ते मुख्यतः असे : गेल्या पाच वर्षांत किती कार्यक्रम झाले, किती टक्के विद्यार्थी सहभागी झाले, कोणते पुरस्कार मिळाले. श्रेणीवर प्रतिष्ठा व काही अनुदानेही अवलंबून असल्याने हा प्रश्न हलका नाही. ह्या क्षेत्रात दंड म्हणजे क्वचितच रोख रक्कम भरावी लागणे. दंड म्हणजे काहीतरी न मिळणे. अनुदान थांबते, श्रेणी उतरते, पदोन्नती लांबते; अगदी टोकाला संलग्नता जाऊ शकते. कागदावर हा दंड सौम्य दिसतो. ज्या संस्थेकडे दुसरे उत्पन्न नाही तिला तो सौम्य नसतो.

आता हे सर्व साखरखेर्ड्यासारख्या गावाच्या बाजूने पाहावे. तास मोजले गेले ते विद्यार्थ्याचे, गुण मिळाले ते अध्यापकास, श्रेणी मिळाली ती महाविद्यालयास. गावाला काय मिळाले हा प्रश्न कोणत्याच रकान्यात नाही. कार्यक्रम झाला नाही तर दंड आहे. कार्यक्रमाचा उपयोग झाला नाही तर नाही. ह्यात कोणाचा दुष्टपणा नाही. विद्यापीठ ज्याला हिशेब देते त्याच्या प्रश्नांची उत्तरे ते तयार ठेवते, आणि गाव हिशेब मागणाऱ्यांत बसलेले नाही.

याचा पुरावा अहवालांच्या भाषेत सापडतो, आणि तेथे थोडे थांबणे योग्य होईल. विस्तारकार्याच्या अहवालांत एक वाक्यरचना अखंड चालते : वृक्षारोपण करण्यात आले, मार्गदर्शन करण्यात आले, जनजागृती करण्यात आली. धातुसाधित नामाच्या सप्तमी रूपापुढे ‘येणे’ हे क्रियापद योजून झालेली ही रचना मराठी शासनव्यवहाराची ओळख बनली आहे. तिचा गुण असा की कर्ता सांगण्याची गरज उरत नाही. झाड कोणी लावले, कोणाच्या जमिनीत, पाणी कोण घालणार, हे वाक्य विचारत नाही. ‘आले’ ह्या भूतकाळी रूपाने काम संपले एवढे मात्र ते ठामपणे सांगते. अशा अहवालांत गावाला बहुधा दोनच क्रियापदे मिळतात. ग्रामस्थ ‘उपस्थित होते’, किंवा ग्रामस्थांनी ‘लाभ घेतला’. ग्रामस्थांनी विचारले, नाकारले, सुधारले, शिकविले अशी वाक्ये विरळाच. ज्या कामात दुसरा पक्ष केवळ उपस्थित असतो त्यास सहकार्य म्हणणे व्याकरणदृष्ट्याही कठीण आहे, कारण त्या शब्दात ‘सह’ आहे.

‘दत्तक गाव’ ही संज्ञाही तपासण्याजोगी आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या उन्नत भारत अभियानात उच्च शिक्षणसंस्थांनी गावांचा गट दत्तक घ्यावा अशी योजना आहे, आणि राष्ट्रीय सेवा योजनेत तर हा शब्द फार जुना आहे. दत्तविधानात दत्तक मुलाला घराचे नाव मिळते, त्याबरोबर वारसाहक्कही मिळतो. १९५६ च्या कायद्याप्रमाणे एकदा झालेले दत्तविधान रद्द करता येत नाही. दत्तक गावाला वारसा मिळत नाही, आणि आराखड्याची मुदत संपली किंवा कार्यक्रम अधिकारी बदलला की दुसरे गाव निवडता येते. ‘विस्तार’ ह्या शब्दातही दिशा एकच आहे : मध्य येथे, परीघ तेथे. शब्द बदलल्याने व्यवहार बदलतो असे नव्हे, पण शब्दांनी व्यवहाराची कबुली दिलेली असते.

मग प्रोत्साहन व दंड हे मुळातच निरुपयोगी मानावेत काय? इतिहास तसे सांगत नाही. विद्यापीठ व समाज यांना कायद्याने जोडण्याचा सर्वांत परिणामकारक प्रयोग अमेरिकेत १८६२ च्या मॉरिल कायद्याने झाला. काँग्रेसमधील प्रत्येक प्रतिनिधी व सिनेटसदस्य यांमागे ३०,००० एकर ह्या प्रमाणात संघराज्याने घटक राज्यांस जमीन दिली; तिच्या विक्रीतून शेती व यांत्रिक कला शिकविणारे महाविद्यालय चालवावयाचे होते. पाच वर्षांत महाविद्यालय उभे झाले नाही तर देणगी बंद, आणि विक्रीचे पैसे परत. प्रोत्साहन व दंड एकाच कलमसंचात इतके स्पष्ट क्वचितच आढळतील. (ती जमीन मूळ रहिवाशांकडून घेतलेली होती, हा त्या औदार्याचा दुसरा चेहरा होय.) पुढे १९१४ च्या स्मिथ-लेव्हर कायद्याने विस्तारकार्यास संघराज्याचा पैसा मिळू लागला, अट अशी की राज्याने व स्थानिकांनीही आपला वाटा घालावा. ह्या शेवटच्या अटीने बरेच काम केले. ज्याने पैसे घातले त्याने विचारणाही केली.

भारतातील कृषी विद्यापीठे ह्याच नमुन्यावर उभी राहिली. पंतनगरचे १९६० मध्ये, अकोल्याचे २० ऑक्टोबर १९६९ रोजी. अध्यापन, संशोधन व विस्तार ही तिन्ही कामे त्यांच्यावर कायद्यानेच सोपविलेली आहेत. ग्रामीण कृषी कार्यानुभव हा त्यांच्या पदवीचा अनिवार्य भाग आहे. अंतिम वर्षाची मुले-मुली कृषिदूत व कृषिकन्या म्हणून गावात राहतात, शेतकऱ्यांबरोबर काम करतात आणि त्यावर त्यांची परीक्षा होते. येथेही वही भरण्याचा प्रकार पुष्कळ असतो. तरीही एक फरक महत्त्वाचा आहे. बीजप्रक्रिया केलेले बियाणे उगवले की नाही हे शेतकऱ्यास आठ दिवसांत दिसते. जनजागृती झाली की नाही हे कोणास दिसत नाही.

ह्या दिसण्यामुळेच शेतीच्या क्षेत्रात अधिकारक्षेत्राच्या भिंती टिकत नाहीत. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचे जेएस ३३५ हे सोयाबीनचे वाण १९९४ मध्ये प्रसारित झाले आणि विदर्भ-मराठवाड्यात पसरले. बदनापूर हे जालना जिल्ह्यातील, परभणी विद्यापीठाचे संशोधन केंद्र. तेथील बीडीएन ७११ हे पांढऱ्या तुरीचे वाण विदर्भातही पेरले जाते. बुलढाणा जिल्ह्याच्या शेतकऱ्याने परभणीची तूर पेरावी यासाठी अमरावतीस, अकोल्यास वा परभणीस कोणताही गुण मिळत नाही. उपयुक्तता हेच येथे प्रोत्साहन, आणि नुकसान हाच दंड. मात्र दोन्ही शेतकऱ्याच्या पदरी पडतात हे विसरता येत नाही. जालन्याजवळ खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्रात दर महिन्याला शेतकऱ्यांचे चर्चासत्र भरते. केंद्र सरकारी अनुदानावर चालते, पण चालविते एक स्वयंसेवी संस्था. येणाऱ्या शेतकऱ्यास प्रमाणपत्र मिळत नाही. बैठक निष्फळ वाटली तर तो पुढच्या महिन्यात येणार नाही, एवढा दंड त्याच्या हातात असतो, आणि तो पुरेसा असतो.

गावालाच प्रोत्साहन दिले तर काय होते, याचाही एक अनुभव महाराष्ट्राजवळ आहे. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात सुरू झालेली ग्राम शिक्षण मोहीम पुढे सर्व राज्यात गेली. गाव संपूर्ण साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. मान गावाचा असल्याने शिकविणारे गावातच उभे राहिले आणि खर्च अत्यल्प लागला. पण समारंभ हा शेवट ठरला. वाचावयास पुस्तक नाही, लिहावयास कारण नाही, अशा स्थितीत पुष्कळ नवसाक्षर पुन्हा निरक्षर झाले. तेव्हा मोजण्याचा हक्क गावाकडे गेला म्हणजे सर्व सुटले असे नाही; मोजणी कोणत्या दिवशी करावयाची, हाही प्रश्न उरतो.

आणखी एक अडचण आहे, तिचा विचार धोरणे ठरविताना फारसा होत नाही. पदोन्नतीचे प्रोत्साहन ज्यास पदोन्नती आहे त्यालाच लागू पडते. ग्रामीण महाविद्यालयांत अनेक पदे रिक्त असून तासिका तत्त्वावरील अध्यापक ती वर्षानुवर्षे सांभाळतात. त्यांस वेतन घेतलेल्या तासांचे मिळते. गावात सर्वेक्षण करण्यास घालविलेला दिवस हा तास नव्हे. त्यांच्यापुढे पदोन्नतीचा मार्ग नाही, म्हणून बक्षीस नाही. पण काम न केल्यास पुढील वर्षी नेमणूक न होण्याची भीती आहे, म्हणून दंड आहे. तीच गोष्ट संस्थांची. शहरातील जुन्या अनुदानित महाविद्यालयास अहवाल लिहिण्यास माणसे असतात. खेड्यातील कायम विनाअनुदानित महाविद्यालयास ती नसतात, यद्यपि गाव त्याच्या दारातच असते. त्याचे विद्यार्थी त्याच गावांतून येतात, सुटीत शेतात राबतात, सातबारा काढून देतात, आजोबांचा अर्ज भरतात. समाजाशी त्याचा संबंध सर्वांत घट्ट आणि त्याची नोंद सर्वांत दुबळी.

ह्या संबंधांची नोंद घेण्याची रीत निराळी असू शकते. डेक्कन कॉलेज व राज्य मराठी विकास संस्था यांनी शासनाच्या साहाय्याने मराठीच्या बोलींचे जे अलीकडील सर्वेक्षण केले, त्यात अभ्यासक गावोगाव गेले, बोलणाऱ्यांची भाषा ध्वनिमुद्रित केली आणि सामग्री सर्वांस पाहता येईल अशी खुली ठेवली. निधी शासनाचा, साचा आधी ठरलेला. तरी ग्रियर्सनच्या काळापेक्षा दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सीमेच्या दोन्ही बाजूंचे जिल्हे ह्यात आले, आणि बोलणारा येथे लाभार्थी नाही, सांगणारा आहे. त्याच्या वाट्याला आलेले क्रियापद ‘उपस्थित होते’ हे नसून ‘म्हणाले’ हे आहे.

विस्तारकार्याच्या अहवालांतही असा बदल करता येणे अशक्य नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने ग्रामसभा आहेच. महाविद्यालयाने गावात जे काम केले त्याविषयी ग्रामसभेने, काम संपल्यावर लगेच नव्हे तर वर्षभराने, आपल्या शब्दांत चार ओळी लिहाव्यात आणि त्या मूल्यांकनात जशाच्या तशा जोडल्या जाव्यात, असा नियम करता येईल. त्यात धोका उघड आहे. सही-शिक्क्याचे आणखी एक प्रमाणपत्र तयार होईल, आणि त्याचा मजकूर महाविद्यालयातूनच टंकलिखित होऊन येईल. तो गावातून आला की बाहेरून, हे ओळखणे मात्र अवघड नाही. ‘करण्यात आले’ असे लिहिलेले असेल तर तो बाहेरून आला आहे. ‘विहिरीचे पाणी तपासले, खराब निघाले, मग आम्ही दुसरीकडून आणू लागलो’ असे असेल तर गावात कोणीतरी लेखणी हाती घेतली आहे.